आमच्या ह्यांचा पिवळा ताप

लोकांच्या नवऱ्यांना रिटायर झाल्यावर भजनाचं वेड लागतं, कुंड्यांचं लागतं, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होऊन ते दुसऱ्यांच्या गळक्या नळांवर नजर ठेवत फिरतात. आमच्या ह्यांना पिवळा ताप लागला. असं मी कुणाला म्हटलं की समोरची बाई घाबरते, "अगंबाई, मग आता कसे आहेत?" मी सांगते, "उत्तम आहेत. पत्र लिहीत बसलेत."

तर हे, म्हणजे दिनानाथ नाबर, मुंबई बंदरावर लस टोचायच्या कामाला होते. आफ्रिकेकडे, दक्षिण अमेरिकेकडे बोटी जायच्या. त्यांवरच्या खलाशांना पिवळ्या तापाची लस घेतल्याशिवाय जाता येत नसे. ह्यांनी सुई टोचायची, पिवळ्या पुस्तिकेत शिक्का मारायचा, सही करायची, पुढचा माणूस. तीस वर्षं हेच केलं. आणि गंमत बघा, हा रोग आपल्या देशात नाहीच. आपल्याकडची कावीळ वेगळी, हा वेगळा. तीस वर्षं ज्या रोगाची सुई टोचली, त्याचा एकही रोगी ह्यांनी जन्मात पाहिला नाही.

माझा भाऊ बंडू जेवायला आला की ह्यांची खेचायचाच. "भावोजी, तुम्ही म्हणजे न येणाऱ्या पाहुण्याला आणायला रोज स्टेशनवर जाणारे गृहस्थ!" हे हसायचे. पण त्या रात्री आमटी पुन्हा घ्यायचे नाहीत. तेवढ्यावरून मला कळायचं, की शब्द लागलाय. बंडूला मी एकदा चांगली तंबी दिली, पण त्याच्या जिभेला हाड नाही, काय करणार!

एकदा एका रत्नागिरीकडच्या खलाशाने बाही वर करता करता ह्यांना विचारलं, "साहेब, हे सगळं आधी कोणावर करून बघितलं हो?" हे घरी आले ते तोंड पाडून. "मी इतकी वर्षं टोचतोय आणि मला हे ठाऊक नाही," म्हणाले. मी म्हटलं, "मी इतकी वर्षं साबुदाणा भिजवतेय, तो पहिल्यांदा कोणी भिजवला मला कुठे ठाऊक आहे?" पण ते काही ह्यांच्या डोक्यातून गेलं नाही.

हे रिटायर झाले आणि चौऱ्यांशी साली आम्ही गिरगावातली खोली सोडून नेरूळला सिडकोच्या फ्लॅटमध्ये आलो. तेव्हाचं नेरूळ म्हणजे चार बिल्डिंगी, मुरुमाचे ढीग आणि खाडीचा वारा. रेल्वेचा पत्ता नव्हता. पण घरात दोन खोल्या, वर बाल्कनी, आणि मी हौसेने जेवायचं टेबल घेतलं. त्या टेबलावर आम्ही जेमतेम महिनाभर जेवलो असू. मग तिथे ह्यांचा पिवळा ताप पसरला, आणि आम्ही पुन्हा आपले खाली पाटावर.

हे बसने फोर्टातल्या लायब्रऱ्यांत जायचे, कागद भरभरून टिपणं आणायचे आणि भाजी निवडताना मला ऐकवायचे. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. तेव्हाच्या लोकांना वाटायचं, हा ताप रोग्याच्या कपड्यांतून, अंथरुणातून पसरतो. म्हणून सामान जाळायचे, पत्रांनासुद्धा भोकं पाडून धुरी द्यायचे. काही डॉक्टर म्हणत, छे, हा डासाचा प्रताप. खरं-खोटं करायला १९०० साली क्युबात अमेरिकन लष्कराच्या डॉक्टरांनी एक छावणी उभारली. तिथे आपणहून तयार झालेल्या काही माणसांनी डास चावून घेतले. आणि काही माणसं रात्रीमागून रात्री मेलेल्या रोग्यांच्या घाणेरड्या चादरींवर, त्यांच्या उशांवर निजली. शी! मी म्हटलं, "अहो, मी भाजी निवडतेय!" डास चावलेले आजारी पडले. चादरीत निजलेले ठणठणीत राहिले. म्हणजे कपड्यांत काही नाही, सगळं डासात. लस त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आली.

"बरं, मग झालं की तुमचं," मी म्हटलं. "मिळालं उत्तर."

"नाही गं," हे म्हणाले. "डॉक्टरांवर पानंच्या पानं आहेत. डास चावून तापाने फणफणले त्यांच्यावरही आहेत. पण हे जे चादरीत निजले आणि ज्यांना काहीच झालं नाही, ते मला मिळालेल्या पुस्तकांत दोन ओळींत आटपलेत. ते घरी गेले, पुढे काय झालं त्यांचं? मला त्यातला एक माणूस हवाय. एक जरी मिळाला ना, तरी पुरे."

का हवा होता ते मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. ज्यांना काही झालं नाही, त्यांचीच तर ह्यांनी तीस वर्षं रांग लावली होती.

मग ह्यांनी पत्रांचा सपाटा लावला. लायब्ररीतून अमेरिकेतल्या गावोगावच्या वर्तमानपत्रांचे पत्ते उतरवून आणले आणि संपादकांना लिहिलं, की मी तीस वर्षं बंदरावर ह्या तापाची लस टोचली आहे, तुमच्या गावातलं कोणी त्या छावणीत होतं का, त्यांच्या घरच्यांनी मला कळवावं. इंग्रजी कसलं, तर कचेरीतलं, 'आपल्या सेवेशी सविनय सादर' अशा थाटाचं. मी म्हटलं, "अहो, माणसाला लिहिताय की पोर्ट ट्रस्टला?" तर माझ्यावरच डाफरले.

आमचा पोस्टमन गंगाराम तळवलीचा. अंगाने बारीक, बोलायला मोकळा. महिनेच्या महिने तो खालूनच हात हलवून 'नाय' म्हणायचा आणि हे बाल्कनीतून आत यायचे. पंचाऐंशीच्या उन्हाळ्यात एके दिवशी तो जिना चढून वर आला. "काका, बाहेरदेशचा कागद हाय तुमचा. पानी द्या मला पयला, मग कागद देतो."

पत्र ओहायो नावाच्या राज्यातल्या एका खेडेगावातून होतं. लिहिणारीचं नाव एडना हॉलिस. चारच ओळी. 'माझे वडील वॉल्टर त्या छावणीत होते. ते चादरींत निजणाऱ्यांपैकी होते. ते वारून बरीच वर्षं झाली. तुम्हाला काय विचारायचं आहे?'

ह्यांनी ते पत्र हातात धरून घरभर फेऱ्या घातल्या. गंगारामला लाडू दिला, मलाही दिला, जसा काही ह्यांनीच वळला होता. मग बसून अकरा पानी उत्तर लिहिलं. वडील काय खायचे, काय बोलायचे, झोप लागायची का, घरी आल्यावर काय सांगितलं, प्रश्नांवर प्रश्न. पाकीट डकवायच्या आत मी हळदकुंकवाचा करंडा घेऊन आले.

"हे काय?"

"हळदकुंकू लावते. एवढं मोठं काम, त्या बाईला पहिलंच पत्र."

"लग्नाची पत्रिका आहे का ती?"

"पत्रिका नसेना. शुभकार्य तर आहे ना? तुम्ही गप्प बसा."

पहिल्या पानाच्या चारी कोपऱ्यांना मी हळद लावली, कुंकू लावलं. बोटं ओली होती, म्हणून जरा सढळच लागलं आणि पाकिटालाही पुसलं गेलं. दुसऱ्या दिवशी गंगाराम खाली भेटला. पाकीट त्याच्याच हाती दिलं, तर त्याने उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "काकी, लगीन कोनाचा हाय अमेरिकेला?"

त्यानंतर पावसाळा गेला, दिवाळी गेली. उत्तर आलं ते एडनाबाईंचं नव्हे, त्यांच्या मुलाचं, रॉबर्टचं. टाइप केलेलं. ह्यांनी ते मला मराठीत सांगितलं. मुलाने लिहिलं होतं, की तुमचं पत्र आलं ते पिवळ्या आणि रक्तासारख्या लाल डागांनी माखलेलं होतं. पिवळ्या तापाविषयीच्या पत्रावर असे डाग! माझी आई म्हातारी आहे, तिला हृदयाचा त्रास आहे, ती फार घाबरली. मी ते पत्र चिमट्याने धरून शेगडीत टाकलं. ही थट्टा असेल तर ती वाईट आहे. कृपा करून पुन्हा लिहू नका.

आता काय सांगू! आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं, की पत्राला हळद म्हणजे चांगली बातमी. ते तिकडे सातासमुद्रापार गेल्यावर रोग झालं. आणि अक्षरही न वाचता अकरा पानं राख.

"तुझी हळद!" एवढंच हे म्हणाले. मोठ्याने ओरडले असते तर मी चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते. पण ह्यांनी टेबलावरचे सगळे कागद गोळा केले, ट्रंकेत भरले आणि कुलूप लावलं. "जाऊ दे. एकच माणूस मिळाला होता. आता जेवायला तुझं टेबल मोकळं," म्हणाले. आठवडाभर आम्ही टेबलावर जेवलो. मेल्या त्या टेबलाचा मला इतका संताप कधी आला नव्हता. मी काय विष लावलं होतं? पण बोलणार कुणाला!

शेवटी एका दुपारी हे झोपलेले असताना मीच कागद घेतला. माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं, तेही वेंगुर्ल्याचं. डिक्शनरी मांडीवर घेऊन जे लिहिलं ते मराठीत असं होतं: 'बाई, मी नाबरांची बायको. पिवळी ती हळद. लाल ते कुंकू, तेही हळदीचंच करतात. रक्त नव्हे. हळद आम्ही आमटीत घालतो, जखमेला लावतो, नवरीला लावतो. ज्या पत्राला हळद असते त्यात वाईट बातमी नसते, असं आमच्याकडे समजतात. माझा नवरा थट्टा करणारा माणूस नाही, खरं म्हणजे त्याला थट्टा जमतच नाही. डाग मी लावले, तेव्हा राग माझ्यावर धरा, त्याच्यावर नको. तुमचे गुडघे कसे आहेत?' गुडघ्यांचं आपलं मीच घातलं. आमच्या वयाच्या बाईला गुडघे असतातच.

ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांनी कपाळाला हात लावला. "गुडघे विचारलेस? तिला?" पण आठवड्याभराने हळूच म्हणाले, "पत्ता बरोबर घातला होतास ना?"

उत्तर आलं ते माझ्या नावावर. गंगारामने दारातच वाचलं, "मिसेस सुचित्रा नाबर! काकी, आता तुमीपन काय?" मी कणभर भाव खाल्ला आणि मग पत्र ह्यांच्या हातात दिलं, कारण एवढं इंग्रजी मला कुठलं झेपायला! हे वाचत गेले आणि मला मराठीत सांगत गेले.

एडनाबाईंनी लिहिलं होतं: 'गुडघे वाईट आहेत, विचारल्याबद्दल आभार. माझ्या मुलाने तुमचं पत्र चिमट्याने उचललं तेव्हा मला माझी आजी आठवली. माझे वडील छावणीतून आपल्या आईला पत्रं लिहायचे. ती धुरी दिलेली, डागाळलेली यायची. आजी ती चिमट्याने धरून, लांबून वाचायची आणि चुलीत टाकायची. वडील परत आले तेव्हा तिने त्यांचे कपडे अंगणात जाळले. त्यांचं लग्न ठरलं होतं ते मोडलं. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कितीतरी दिवस कोणी बसत नसे. माझ्या आईने त्यांच्याशी लग्न केलं ते पुष्कळ उशिरा, आणि तीसुद्धा त्यांची लष्करी घोंगडी घरात येऊ देत नसे. ती घोंगडी ते छावणीत पांघरत. तेवढी एकच वस्तू त्यांनी आजीला जाळू दिली नाही, पण घरात आणायचा हट्टही कधी धरला नाही. मागच्या शेडमध्ये पेटीत ठेवली. ती अजून तिथेच आहे. मी जन्मात तिला हात लावलेला नाही. वडील फक्त एवढं म्हणत, की मी काही केलं नाही, मी नुसता झोपलो. मिस्टर नाबर, तुम्ही तीस वर्षं ह्या रोगाचं काम केलं आहे. मला आता म्हातारपणी थंडी फार वाजते. मी ती घोंगडी घरात आणू का?'

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अहो, चादरीतून काही होत नाही हे ज्याने त्या घाणीत निजून दाखवलं, त्याच्याच घोंगडीला त्याच्या आईने, बायकोने, लेकीने हात लावला नाही! आणि त्या बिचाऱ्याने कधी तोंडातून ब्र काढला नाही.

ट्रंकेचं कुलूप निघालं. हे उत्तर लिहायला बसले आणि बसूनच राहिले. चार दिवस लिहायचे, फाडायचे. कुठल्या अहवालात काय म्हटलंय, कुठल्या डॉक्टरांनी काय सिद्ध केलं, असा सगळा मसाला. मी विचारलं, "तिने काय विचारलंय?"

"घोंगडी आणू का."

"मग आण म्हणा की!"

"अगं, मी कोण म्हणणारा?" एकदम तडकले. "मी डॉक्टर आहे का? आयुष्यभर सुया टोचल्या नि शिक्के मारले. एक रोगी बघितला नाही. बंडू म्हणतो ते काय खोटं आहे? त्या बाईच्या तीन पिढ्या घाबरल्या, आणि नेरूळचा एक रिटायर कारकून सांगणार, घाबरू नका?"

लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण हे मनातलं असं बाहेर पहिल्यांदा आलं. मला वाईटही वाटलं आणि रागही आला. मी पोळपाट बाजूला ठेवला आणि म्हटलं, "मग मला सांगा, तुमच्याकडे यायचे ते खलाशी काय घेऊन यायचे? रिकाम्या हाताने यायचे?"

"रिकाम्या कशाला? सामान असायचं. काखेत वळकटी. बोटीवर नाहीतर झोपणार कशावर?"

"त्या वळकट्यांचं तुम्ही काय करायचात?"

"करायचं काय? काही नाही. सुई टोचली की ते वळकटी उचलून जायचे. परत यायचे तेही तशीच घेऊन यायचे, आफ्रिकेतून, कुठून कुठून. आम्ही..." आणि ह्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आम्ही कोणाची वळकटी कधी जाळली नाही," सावकाश म्हणाले. "पूर्वी जाळायचे. मी तीस वर्षांत एकाची गोधडीसुद्धा जाळली नाही. जाळावी लागली नाही. सुचित्रा, ते त्याच्यामुळे गं. वॉल्टरमुळे."

"हेच लिहा," मी म्हटलं. "आणि कचेरीतलं इंग्रजी नको."

ह्यांनी अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं. 'बाई, घोंगडी घरात आणा, ऊन दाखवा आणि पांघरा. तुमच्या वडिलांपासून कधीच कोणाला धोका नव्हता. मी बंदरावर तीस वर्षं होतो. हजारो गरीब खलाशी माझ्यासमोरून गेले, आणि त्यांच्या आईने किंवा बायकोने शिवलेली गोधडी मला एकदाही जाळावी लागली नाही. ती जाळू नये हे आम्हाला तुमच्या वडिलांनी शिकवलं. ते नुसते झोपले नाहीत.' खाली सही केली, पूर्ण नावाने. पूर्वी पिवळ्या पुस्तिकेत करायचे तशी, वळणदार. ती सही मी किती वर्षांनी पाहिली! मला ह्यांचा एवढा अभिमान वाटला, की मी तो बोलून दाखवला आणि हे लाजले.

त्यानंतर वाट बघायची. ह्या खेपेला हे बाल्कनीत उभे राहायचे नाहीत, आतच बसायचे. "वाटली असेल भीती तिला," म्हणायचे. "तीन पिढ्यांची भीती माझ्या अर्ध्या पानाने जाते थोडीच!" मी मनातून घाबरले होते, वरून मात्र रेटून म्हणायचे, "येईल हो पत्र."

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत गंगाराम आला. पत्र दोघांच्या नावावर होतं. पाकीट मीच फोडलं आणि कागद वाचायला ह्यांच्या हातात दिला.

'प्रिय मिस्टर आणि मिसेस नाबर, रॉबर्टने स्वतः पेटी उघडली. त्याने घोंगडी हातानेच उचलली आणि दोन दिवस उन्हात घातली. काल बाहेर बर्फ पडत होतं. काल रात्री मी माझ्या वडिलांची घोंगडी पांघरून झोपले. खरबरीत आहे. फार उबदार आहे. माझे वडील ह्याच घरात म्हातारे झाले, हिवाळ्यात कुडकुडायचे, आणि ही मागे शेडमध्ये पडून होती. सकाळी मी रॉबर्टला म्हटलं, मला आज उशिरापर्यंत झोपू दे.'

"उबदार आहे म्हणते," हे म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "उबदार आहे म्हणते गं." डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंडभर हसत होते. मी पदराने माझे डोळे पुसले. ह्यांचेही पुसायला गेले, तर हे उठून बाल्कनीत पळाले. गंगाराम खाली सायकलवर टांग टाकत होता.

"गंगाराम!" सगळ्या बिल्डिंगीला ऐकू जाईल असे हे ओरडले. "अरे गंगाराम, म्हातारी घोंगडी घेऊन झोपली रे!"

गंगारामला ओ की ठो कळलं नाही. त्याने मान वर करून बघितलं, ह्यांचा चेहरा बघून तोही हसला. "बरा झाला, काका," म्हणाला, आणि पुढच्या बिल्डिंगकडे वळला.